बाईंचा हात

टिपणीसबाईंनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि त्या ते साफ विसरल्या होत्या. वर्ग ऐन रंगात आला होता. फळ्यावर खुर्चीच्या पाठीची रेघ खालून वर चालली होती, गोंदियापासून वेंगुर्ल्यापर्यंतची पोरं आपापल्या गावी पेन धरून ती रेघ बोटांत अनुभवत होती, आणि नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. बाईंनी पेन टेबलावर टाकलं आणि त्या धावल्या. गॅस बंद करून, ओटा पुसून, स्वतःला दोन आणि पातेल्याला एक शिवी हासडून त्या परत आल्या, तेव्हा फळ्यावरची रेघ पूर्ण झाली होती.

"वा मॅडम!" वेंगुर्ल्याचा एक मुलगा म्हणाला. "शेवटचं वळण काय घेतलंत!"

"कोणी घेतलं?"

"तुम्ही."

"मी ओटा पुसत होते रे."

सगळे हसले. बाईंचे विनोद प्रसिद्ध होते. पण बाई हसत नव्हत्या, हे हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं.

"ही रेघ मी काढलेली नाही," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, हात तर तुमचाच होता," गोंदियाची मुलगी म्हणाली. "मला पेनात लागला ना."

बाईंनी चष्मा पुसून रेघ पुन्हा पाहिली. चांगली होती. त्यांनी स्वतः काढली असती तर अगदी अशीच काढली असती.

हे काय झालं ते कळायला फळा आणि पेन, दोन्ही थोडे समजून घ्यायला हवेत.

फळा म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या कोणत्याही संस्थेत असतो तोच. पडद्यावरचा पांढरा कागद, ज्याला कुठल्याच बाजूला कड नाही. त्यावर नाशिकची बाई आणि चंद्रपूरकडची पोरगी एकाच वेळी चित्र काढू शकतात, एकमेकींच्या चित्राला चिठ्ठ्या चिकटवू शकतात, बाण काढून भांडू शकतात. यात नवं काही नव्हतं. बाईंच्या तरुणपणी महासाथीत असे फळे घरोघरी शिरले आणि मग पाहुण्यासारखे मुक्कामालाच राहिले.

नवं होतं ते पेन. फिरत्या भोवऱ्याला बोट लावून आडवं करायला गेलं की तो बोटाला उलटा ढकलतो, हे भोवरा खेळलेल्या कोणालाही ठाऊक असतं. या पेनाच्या पोटात असे तीन भोवरे होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, डोळ्यांना दिसणार नाही इतक्या वेगाने फिरणारे. त्यांचे आस केसभर तिरपे केले की पेन धरणाऱ्याच्या बोटांना ढकलतं, ओढतं, अडवतं. नाशिकला बाईंचा हात उजवीकडे गेला की ब्रह्मपुरीच्या मुलीचा हातही उजवीकडे ओढला जायचा. पेनं सगळी एकाच कारखान्यातली, गुरूचं वेगळं आणि शिष्याचं वेगळं असं काही नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात दोघांची नावं आणि मध्ये एक बाण असे. बाणाचं तोंड कायम विद्यार्थ्याकडे. ते फिरवता येतं, असं माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, पण माहितीपुस्तिका वाचतो कोण?

अडचण एकच होती. नाशिकहून निघालेला संदेश ब्रह्मपुरीला पोचायला क्षणभर लागतो. डोळ्याला तेवढा उशीर चालतो, हाताला चालत नाही. म्हणून फळा अंदाज बांधायचा. बाईंचा हात आता कुठे जाणार हे आधीच ताडून तो तिकडच्या पेनाला ढकलायचा. असा अंदाज बांधायचा तर हात ओळखीचा हवा. तो कुठे मंदावतो, कुठे दाबतो, वळणाआधी किती थबकतो. फळ्याने वर्षानुवर्षं बाईंच्या हाताचा हा अभ्यास केला होता. त्या अभ्यासाला संस्थेत 'हातवळण' म्हणत. सुरुवातीला हा अंदाज पापणी लवण्याइतका पुढचा असायचा. आता फळ्याला अख्खी रेघ पाठ झाली होती. बाई असोत वा नसोत.

या सगळ्याला सगळ्यात आधी 'वा वा' म्हणाल्या होत्या त्या टिपणीसबाईच. त्यांच्या शिक्षकांचा एक कडक नियम होता: विद्यार्थ्याच्या कागदावर मास्तराने रेघ ओढायची नाही. सुधारायचंय? चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा, त्यावर काय ते काढा. विद्यार्थ्याला पटलं तर तो घेईल, नाही पटलं तर ट्रेसिंग उचलून फेकून देईल. खाली त्याचं चित्र जसंच्या तसं असेल. बाईंनी हा नियम उभा जन्म पाळला. फळा आल्यावरही त्या वेगळ्या पारदर्शक थरावरच काढायच्या. पण पेन आलं, आणि दूरच्या एका मुलीचा हात धरून पाटीवर गिरवून घ्यावा तशी पहिली रेघ त्यांनी काढली, त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वडिलांनी त्यांचा हात असाच धरला होता. त्या पाण्यात ट्रेसिंग पेपरचा नियम कुठे वाहून गेला, त्यांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई संचालकांच्या खोलीत हजर झाल्या.

निरंजन देवस्थळी बाईंचाच विद्यार्थी. एके काळी खुर्च्या डिझाइन करायचा, आता 'रेषाघर' या संस्थेच्या संचालकाच्या खुर्चीत बसायचा. माणूस वाईट नव्हता. बाई आल्या की अजूनही उभा राहायचा.

"बसा मॅडम. कॉफी?"

"काल मी वर्गात नसताना वर्ग घेतला गेला."

"कळलं मला," तो हसला. "दुधाचं काय झालं?"

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"चाचणी होती मॅडम. दुवा तुटला तर धडा तुटू नये म्हणून. तुम्ही आपण होऊन उठलात, ते उत्तमच झालं. एकाही मुलाला फरक कळला नाही."

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. त्यांचं ते पाहणं निरंजनला विद्यार्थीदशेपासून माहीत होतं. तो घाईने मुद्द्यावर आला.

"मार्चअखेर तुम्ही निवृत्त होताय. सिरोंचा, ब्रह्मपुरी, किनवट, वेंगुर्ला… या केंद्रांवर शिकवायला माणूस मिळत नाही, तुम्हीच पाहिलंय. तुमचं हातवळण राहिलं तर केंद्रं राहतात. हात कायद्याने तुमचा आहे. मार्चनंतर तुमच्या तोंडच्या 'हो'शिवाय आम्ही तो वापरू शकत नाही, आणि तुम्ही ज्या दिवशीच्या हाताला 'हो' म्हणाल तेवढाच हात आमचा. एक शब्द हवाय फक्त."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर जूनपासून दूरची केंद्रं बंद. मला आनंद नाही होणार मॅडम. पण दुसरं काय करू?"

हे तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचीच तर बाईंना चीड आली.

"शिवाय यंदापासून पदवीच्या ज्युरीत जुळणीचे गुण आहेतच," तो म्हणाला. "मुलाची रेघ गुरूच्या हाताशी किती जुळते, ते फळा मोजणार. निम्म्याखाली गेला की नापास. परीक्षकांची मर्जी नको, वशिला नको. एकदम स्वच्छ."

"स्वच्छ," बाई म्हणाल्या आणि कॉफी न घेता उठल्या.

दुपारी संबोधीचा तास होता. संबोधी रामटेके ब्रह्मपुरीची. बारावीनंतर लग्न झालं, मग मैत्री नावाची मुलगी झाली, आणि मग साऱ्या घराशी वाद घालून तिने रेषाघरचा दूरस्थ अभ्यासक्रम धरला. नवरा नागपूरला नोकरीला होता. डाव्या कडेवर मैत्री आणि उजव्या हातात पेन, असाच तिचा वर्ग चालायचा. तिची पदवीची कृती त्याच्यातूनच निघाली होती: मुलाला कडेवर घेणाऱ्या बाईसाठी एक बैठक. पट्टा एका खांद्यावरून जाणार, कंबरेच्या हाडावर एक छोटं टणक आसन, मुलाचं वजन त्यावर. बाजारात मुलं बांधायच्या ज्या झोळ्या मिळतात त्यांत मूल पोटावर मधोमध बांधतात. संबोधीची बैठक सरळसरळ एका बाजूला कललेली होती. निदान सुरुवातीला तरी होती. अलीकडे आठवड्या-आठवड्याला ती थोडीथोडी मध्यावर सरकत चालली होती, आणि बाईंना ती तिचीच सुधारणा वाटली होती.

आज बाई दोन्ही हातांत चहाचा कप धरून नुसत्या बघत बसल्या होत्या. पेन टेबलावर पडलं होतं. पडद्यावर संबोधीची रेघ डावीकडे निघाली, थरथरली, पुन्हा डावीकडे गेली. संबोधीने ओठ दाताखाली घेतला.

"मॅडम, आज तरी सोडा ना."

"काय सोडू?"

"माझा हात. रोज मी इथवर आणते अन् रोज तुम्ही मधात ओढता. खूप जोर लावून राहिले तुम्ही."

बाईंनी कॅमेऱ्यापुढे कप धरला. दोन्ही हात कपाला.

संबोधी त्या हातांकडे बघतच राहिली. तिच्या मुठीतलं पेन अजून ओढत होतं, तिचं मनगट दिसण्याइतकं वळत होतं.

"मग हे कोण ओढून राहिलं?" ती म्हणाली.

मैत्रीने आईच्या तोंडावर हात मारला. संबोधीने तिला नीट कडेवर घेतलं. मग ती सावकाश बोलायला लागली.

"मले वाटलं, तुमाले माझी कल्पनाच पटत नाही. दिवाळीपासून मी तुमच्याशी भांडून राहिली मॅडम. तोंडानं नाही, हातानं. हात थकते. मग मी म्हणते, जाऊ द्या, मॅडमलेच जास्त समजते."

"मधोमध का नको गं तुला?"

"मधात पोरगी घेतली तर टेबलच दिसत नाही. काम कसं करू? अन् पाठ जाते ते वेगळंच. कडेवर घेतलं तर वजन हाडावर बसते, एक हात मोकळा राहते. हे पहा." ती उभी राहिली, कॅमेऱ्यापासून मागे सरली आणि कंबर एका बाजूला काढून उभ्या उभ्या डुलली. मैत्री खिदळली. तिच्या कंबरेची ती तिरकी रेघ बाईंना लख्ख दिसली. दिवाळीपासून ती पोरगी हीच रेघ काढू पाहत होती.

बाईंना राग आला. फळ्याचा आला, निरंजनचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. पेन येईपर्यंत त्यांनी कोणाच्या कागदावर रेघ ओढली नव्हती. आणि इथे, त्या चहा पीत असताना, त्यांचा हात एका लेकुरवाळ्या पोरीशी कुस्ती खेळत होता आणि रोज जिंकत होता.

"तुझी कल्पना मला पटते," त्या म्हणाल्या. "मला हे आधी कळायला हवं होतं. माझं चुकलं."

संबोधीने मान खाली घातली. तिने पदराने डोळे पुसले, की मैत्रीचं नाक, हे पडद्यावर नीट दिसलं नाही.

तास संपल्यावर बाईंनी सगळ्या केंद्रांवरच्या मुलांची कामं एकामागून एक उघडली. गोंदियाचा दिवा. वेंगुर्ल्याची मासळीची पाटी. लातूरचं दप्तर. नीट पाहिल्यावर त्यांना ते दिसलं. प्रत्येक लांब वळणाच्या शेवटी रेघ किंचित वर उडत होती. उचकी लागल्यासारखी. तरुणपणी नाशिकच्या द्वारका चौकात बाई स्कूटरवरून पडल्या होत्या आणि उजवं मनगट जरासं वाकडंच जोडलं गेलं होतं. तेव्हापासून लांब रेघेच्या शेवटी त्यांचा हात असाच उडायचा. म्हणजे द्वारका चौकात पडली एक बाई, आणि मार बसला अख्ख्या महाराष्ट्राच्या मनगटाला!

बाई आधी मोठ्याने हसल्या. मग त्यांनी कपाटातून माहितीपुस्तिका काढली, चष्मा नाकावर चढवला आणि ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

ज्युरीच्या दिवशी सगळी केंद्रं फळ्यावर जोडलेली होती. नाशिकच्या सभागृहात बाहेरून आलेले दोन परीक्षक, निरंजन आणि टिपणीसबाई बसले होते. भिंतीएवढ्या पडद्यावर एकेक विद्यार्थी येई, आपल्या कृतीची मुख्य रेघ सगळ्यांसमोर काढी, आणि कोपऱ्यात जुळणीचा आकडा उमटे. दिवा पास झाला. पाटी पास झाली. सगळ्या रेघा शेवटाला वर उडत होत्या आणि परीक्षक माना डोलवत होते.

संबोधी आली. आज मैत्री कडेवर नव्हती, मागे आजीच्या मांडीवर होती. संबोधीने पेन टेकवलं आणि रेघ डावीकडे नेली. पेनाने ओढलं. तिने दातओठ खाऊन ती डावीकडेच रेटली. रेघ कापत, अडखळत कशीबशी कंबरेवरून उतरली. कोपऱ्यात आकडा उमटला आणि लाल झाला. निम्म्याच्या कितीतरी खाली.

"नियमाप्रमाणे आणखी एक संधी आहे," निरंजन म्हणाला. त्याच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "संबोधी, हात सैल सोड. पेन नेईल तिकडे जाऊ दे."

"नाही जाऊ देत सर," संबोधी म्हणाली.

बाहेरच्या परीक्षकांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. बाई उठल्या, पडद्याजवळच्या टेबलाशी गेल्या आणि त्यांनी आपलं पेन उचललं.

"संबोधी, कोपऱ्यातला बाण दिसतोय? त्याचं तोंड माझ्याकडे फिरव."

"मॅडम?"

"आता तू माझा हात धर."

बाण फिरला. दोघींना विचारणा झाली, दोघींनी होकार दिला. बाईंनी पेन फळ्यावर टेकवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या विद्यार्थिनीचा हात लागला. घट्ट हात होता, हट्टी. पट्टा खांद्यावरून निघाला. आसनापाशी बाईंचा हात सवयीने मध्याकडे झुकू लागला, इतक्या वर्षांच्या सगळ्या समतोल खुर्च्या त्याला तिकडे बोलावत होत्या. पेनाने ढकललं. बाईंनी हात सैल सोडला. रेघ डावीकडे कलली, हाडाच्या जागी जाडावली, खाली उतरली. शेवटी बाईंचं मनगट सवयीप्रमाणे उडायला गेलं. संबोधीच्या हाताने ते अलगद दाबून धरलं आणि रेघ सपाट संपली.

वाकड्या मनगटाने अशी रेघ आपण कधी काढली नव्हती, हे बाईंना पेन उचलता उचलता कळलं. त्यांना आनंद झाला, अगदी पोरीसारखा.

कोपऱ्यात आकडा उमटला. दोन हात जवळजवळ शंभर टक्के जुळले होते. दिवसभरातले सर्वांत जास्त गुण.

आधी गोंदियाहून टाळी आली, मग किनवटहून, मग सगळीकडून एकच गलका झाला. मागे मैत्रीही टाळ्या वाजवायला लागली. निरंजनने आवाज बंद केला.

"मॅडम, ही फसवणूक आहे."

"नियम वाच," बाई म्हणाल्या. "'दोन हात किती जुळले' एवढंच लिहिलंय. कोणी कोणाकडे जायचं, ते कुठे लिहिलंय?"

परीक्षकांनी नियम वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. मग घड्याळ पाहणाऱ्या परीक्षकाने विचारलं, की त्या बैठकीचं आसन कसल्या लाकडाचं असेल, आणि संबोधी पुढचा बराच वेळ त्यांना तेच समजावत बसली. ती पास झाली.

त्या दिवसापासून मार्चअखेरपर्यंत बाईंच्या वर्गात एकच प्रकार चालला. जो येई तो बाण फिरवी. वेंगुर्ल्याच्या मुलाने बाईंना अशी पाटी काढायला लावली की त्यांचं मनगट संध्याकाळी शेकावं लागलं. कुणी चुकीचं काढी, कुणी भलतंच. गोंदियाची मुलगी मध्येच गोंधळली की बाई हलकेच आपला हात पुढे करत; तिला वाट सापडली की मागे घेत. आणि फळा इमानदारीने अभ्यास करत होता. आजवर त्याने एकच पाहिलं होतं, की बाईंचा हात पुढे असतो आणि बाकीचे मागे. कोणी ढकललं तर काय करायचं, याचं त्याच्याकडे उदाहरणच नव्हतं, म्हणून तो ओढत सुटायचा. आता त्याला रोज उदाहरणं मिळत होती. बाईंना ढकललं की बाई वाट देतात.

निवृत्तीच्या दिवशी निरंजनने बाईंना खोलीत बोलावलं. हारतुरे बाहेर टेबलावर पडले होते.

"तुम्ही हात बिघडवलात," तो म्हणाला. आज त्याने कॉफी विचारली नाही. "आमच्याकडे जानेवारीची प्रत आहे. तिला 'हो' म्हणा."

"आजचा हात घे. नाहीतर राहू दे."

"मॅडम, आजचा हात मुलांच्या मागे फिरतो! त्याला शिकवणं म्हणत नाहीत. आणि तुम्ही 'नाही' म्हणालात की जूनमध्ये सिरोंचा बंद, ब्रह्मपुरी बंद. संबोधीसारख्या पोरी घरी बसतील. तुमच्या हट्टापायी. तुम्ही त्यांच्या जिवावर जुगार खेळताय."

हे बाईंना लागलं, कारण ते खरं होतं. गेले कित्येक दिवस त्यांना हीच भीती पोखरत होती. पण जानेवारीच्या हाताची भीती त्याहून मोठी होती. दूरवरच्या एखाद्या घरात एखादी पोर आपल्याच हाताशी भांडून हरत राहणार, आणि तिला वाटणार की टिपणीसबाई नको म्हणतायत. बाई नाशिकमध्ये निवांत झोपलेल्या असतील आणि तिकडे त्यांचा हात नको म्हणत राहील.

"बंद करायचं तर तू कर," त्या म्हणाल्या. "संबोधीला फोनही तूच कर, मी करणार नाही. पण त्याआधी पेन उचल."

"मी?"

"तुझी पदवीची खुर्ची काढ. ती वाकड्या पायाची."

"मॅडम, मी किती वर्षांत काही काढलेलं नाही."

"दिसतंच आहे. उचल."

त्याने फळ्यावर आजचा हात लावला. बाई खिडकीशी जाऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. निरंजनने पेन धरलं. त्या खुर्चीचा मागचा एक पाय बाहेर फेकलेला होता. तेव्हा बाईंना तो मुळीच आवडला नव्हता. त्यांनी चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर सरळ पाय काढून दाखवला होता. निरंजनने दोन दिवस विचार केला होता, मग बाईंसमोर तो ट्रेसिंग उचलून टोपलीत टाकला होता, आणि खुर्ची तशीच केली होती. बाईंनी त्याला उत्तम गुण दिले होते.

रेघ पायापाशी आली. पेनाने सरळ पायाकडे ओढलं. निरंजनच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. हा हात त्याला चांगलाच ठाऊक होता. त्याने नकळत बाहेर ढकललं. पेन एकदा अडलं आणि मग मऊ झालं. पाय बाहेर गेला.

अर्ध्यावर येऊन निरंजन थांबला. पुढे काय होतं ते त्याला आठवेना. तो फळ्याकडे पाहत राहिला. रेघ पुढे जाईल म्हणून बाईही पाहत राहिल्या.

रेघ गेली नाही. पेन त्याच्या बोटांत गप्प उभं होतं. खिडकीबाहेर कुणीतरी हारांवरच्या माश्या वारत होतं. निरंजन विचार करत राहिला, आणि बाईंचा हात त्याच्यासाठी थांबून राहिला.

मग त्याला आठवलं. त्याने पाय जमिनीला टेकवला आणि पेन खाली ठेवलं.

"जानेवारीची प्रत मी पुसायला सांगतो," तो म्हणाला. "वर काय उत्तर द्यायचं ते माझं मी बघेन. म्हणा मॅडम."

"काय म्हणू?"

"हो म्हणा. आजच्या हाताला."

बाईंनी फळ्याकडे पाहून "हो" म्हटलं, आणि बाहेर जाऊन मुकाट्याने हार घालून घेतला.

जून संपता संपता ब्रह्मपुरीहून फोन आला. केंद्र आता संबोधी सांभाळत होती. नवी मुलं आली होती, आणि त्या सगळ्यांच्या आधी मैत्रीने टेबलावर चढून पेन पळवलं होतं. संबोधीने फोन फळ्याकडे वळवला. मैत्री मुठीत पेन धरून जोरजोरात गिरगोट्या काढत होती, गोल, आडव्या, कशाही, आणि फळ्याच्या कोपऱ्यात टिपणीसबाईंचं नाव उजळलेलं होतं.

"पहा ना मॅडम, तुमच्या हाताकडून काय काय काढून घेऊन राहिली ही! काढून घेऊ का पेन?"

"खबरदार हात लावशील तर," बाई म्हणाल्या.